भिंतीवरची बंदूक आणि घरातली बाई

निवडणूक जाहीर झाली की आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक छोटीशी बातमी हमखास येते. परवानाधारकांनी आपली शस्त्रे नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत, अशी. आपण बहुतेकजणी ती वाचत नाही. आपला काय संबंध, म्हणून पान उलटतो. पण ज्या घरात भिंतीवर बंदूक आहे, तिथं ती बातमी नीट वाचली जाते. आणि गंमत म्हणजे, पुष्कळदा ती वाचणारी त्या घरातली बाई असते, जिनं आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नसतो.

बंदूक म्हटलं की आपल्याला सिनेमातला गुंड आठवतो, नाहीतर उत्तरेकडच्या वरातीतला हवेतला गोळीबार. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यातले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात फक्त ८४ हजारांच्या घरात. म्हणजे आपल्याकडे हे वेड तसं कमीच. कोकणात रानडुकरांपासून भात वाचवायला शेतीसंरक्षणाचा परवाना असतो. कुठे निवृत्त फौजी असतात. कोल्हापूरसारख्या ठिकाणी नेमबाजी करणाऱ्या मुली असतात, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांचं नाव तर जगभर झालं. आणि उरतात ती जुनी घरं. आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक, शिकारीच्या काळातली दुनळी, आणि त्या वस्तू जिवापाड जपणारा एखादा हौशी माणूस. आज मला त्या हौशी माणसाबद्दल, आणि त्याच्या मागे राहणाऱ्या बाईबद्दल बोलायचं आहे.

आधी कायदा थोडक्यात बघू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ मध्ये शस्त्रास्त्र कायदा आणला. त्यात हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्यांना सूट, असा उघड भेदभाव होता. स्वातंत्र्यानंतर, १९५९ मध्ये आपण आपला कायदा केला. १९८३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका, अशी मर्यादा आली. आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं ती दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच म्हटलं होतं, पण विरोध झाला म्हणून दोनवर तडजोड झाली. वारसाहक्कानं आलेली बंदूक असली तरी दोनच्या वर नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. ज्यांच्याकडे तिसरी होती, त्यांनी वर्षाच्या आत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची होती.

मोठमोठ्या नेमबाजांना सूट मिळाली. आंतरराष्ट्रीय पदक मिळवणाऱ्या खेळाडूला बारापर्यंत शस्त्रं ठेवता येतात. ते योग्यच आहे. पण संग्राहकाच्या वाट्याला असं काही नीट आलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राच्या गृह खात्यानं जाहीर केलं, की निव्वळ जुनी, दुर्मिळ वस्तू या प्रकारात मोडणारं शस्त्र बाळगायला परवाना लागणार नाही, फक्त ते वापरायला किंवा नेण्या-आणण्याला लागेल. कागदावर वाचलं की बरं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते मी माझ्या मावशीच्या घरात बघितलं.

माझ्या काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, जुन्या बंदुकांचा नाद होता. नादच म्हणायचं. शिकार त्यांनी कधी केली नाही, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ते कॉलेजात होते. गोळी झाडण्यापेक्षा त्यांना बंदूक उघडून बघण्यात रस. तिचा घोडा कसा चालतो, नळीवर कारागिराची खूण कुठे आहे, दस्त्याचं लाकूड कुठलं. त्यांच्याकडे तीन होत्या. एक आजोबांची ठासणीची, एक विलायती दुनळी आणि एक रायफल. प्रत्येकीची माहिती एका लांबट वहीत लिहिलेली. कुणाकडून घेतली, कधी दुरुस्त केली, आधीच्या मालकाच्या घराण्याचा इतिहास काय. दसऱ्याला तिन्ही खाली उतरायच्या, मऊ फडक्यानं तेल लागायचं, झेंडू वाहिला जायचा. मावशी कुरकुरायची, "घरात साड्यांना कपाट नाही, आणि ह्यांच्या बंदुकांना काचेचं कपाट!"

काका २०१८ मध्ये गेले. तेराव्याची गडबड संपते न संपते तोच कुणीतरी जाणत्यानं सांगितलं, की काकांबरोबर परवानाही संपला. आता या वस्तू घरात ठेवणं बेकायदा. तिन्ही बंदुका जमा करून मावशी पावती घेऊन आली. मग सुरू झाल्या फेऱ्या. मृत्यूचा दाखला, मुलांची ना-हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी. ज्या बाईनं कधी एकटीनं बँकेत पाऊल टाकलं नव्हतं, ती सरकारी कचेरीच्या बाकावर बसायला शिकली. एका साहेबांनी तिला सरळ विचारलं, "आजी, तुम्हाला या वयात बंदूक कशाला हवी?" ती म्हणाली, "मला नकोच आहे हो. ती ह्यांची आहे, म्हणून हवी आहे."

वर्षभरानं परवाना तिच्या नावावर झाला, तिन्ही घरी आल्या. आणि काही महिन्यांत नवा कायदा आला. एक द्या.

मैत्रिणींनो, जरा कल्पना करा. तीन वस्तूंपैकी कुठली द्यायची? ठासणीची दिली तर चार पिढ्यांची खूण जाते. दुनळी काकांनी पहिल्या पगारवाढीतून घेतलेली. रायफलीला भाव चांगला, पण विकणार कुणाला? त्याच वर्षी अनेकांना आपापली तिसरी काढायची होती, आणि ज्यांना अशा वस्तूंची हौस त्यांच्याकडे आधीच दोन भरलेल्या. विकणारे सगळे आणि घेणारा कुणी नाही. भरपाईचं तर या कायद्यात नावच नाही. ठासणीची जुनी वस्तू म्हणून परवान्याबाहेर ठेवता येईल का, असं तिनं विचारून पाहिलं. पण ती जुनी आहे हे ठरवायचं कुणी आणि दाखला द्यायचा कुणी, याचं उत्तर आमच्या तालुक्याच्या गावात कुणाकडेच नव्हतं. वर लॉकडाऊन. शेवटी रायफल दुकानदाराकडे जमा झाली. ठेवण्याचं भाडं काही महिने भरलं, मग तीही कुणाला तरी मिळेल त्या किमतीला गेली. मावशी मला म्हणाली, "अगं, माणूस गेला तेव्हा चार लोक भेटायला आले. ही गेली तेव्हा नुसती पावती."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही बंदुकांची बाजू घेताय की काय? मुळीच नाही. घरातली बंदूक ही घरातल्या बाईला सुरक्षित करते यावर माझा विश्वास नाही. दारूच्या नशेतला नवरा, भावकीतलं भांडण, खचून गेलेला तरुण मुलगा, यातल्या कुणाच्याही हाताशी बंदूक असू नये. २०१९ च्या कायद्यानं लग्नात हौसेनं गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. त्याचं स्वागतच करायला हवं.

कडक कायद्यामागे किती दुःख असू शकतं, हे स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावाकडे बघितलं की कळतं. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेत एक माणूस चार पिस्तुलं घेऊन शिरला आणि सोळा लहानग्यांना आणि त्यांच्या बाईंना त्यानं मारलं. सगळी पिस्तुलं परवान्याची होती. त्यानंतर सामान्य बायकांनी, आयांनी पुढे होऊन सह्यांची मोहीम काढली. त्या दिवसांत तिकडे फुलणाऱ्या एकमेव फुलाचं नाव तिला दिलं, स्नोड्रॉप. सात लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटननं खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. ज्यांचा काही दोष नव्हता, अशा हजारो हौशी लोकांना आपली पिस्तुलं द्यावी लागली. त्यांनाही वाईट वाटलंच. पण सोळा मुलांच्या आयांसमोर कोण काय बोलणार?

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटननं पिस्तुलं घेतली तेव्हा भरपाई दिली. आणि जुन्या, ऐतिहासिक पिस्तुलांसाठी कायद्यात वेगळं कलम ठेवलं. काही घरी ठेवता येतात, काही ठरवून दिलेल्या जागी ठेवून तिथं जाऊन बघता येतात. ऑस्ट्रेलियानंही १९९६ च्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. म्हणजे कायदा आपल्यापेक्षा कडक, पण ज्याची वस्तू गेली त्याचं काहीतरी गेलं, एवढं तरी सरकारनं मान्य केलं.

आपल्याकडे राहतं ते नेमकं हेच. बंदुकीनं होणारे बहुतांश खून बिनपरवान्याच्या गावठी कट्ट्यांनी होतात, हे सरकारी आकडेवारीतच दिसतं. कट्टेवाला काही नोंद करायला जात नाही. नोंद कुणाची असते? प्रामाणिकपणे परवाना काढणाऱ्याची. म्हणून नवा नियम आला की पहिली नोटीस त्याच्याच दारात. सुपाएवढ्या कायद्यातून चोर निसटतो आणि वही ठेवणारा सापडतो. दोनची मर्यादा मला स्वतःला चुकीची वाटत नाही. चुकीचं वाटतं ते एवढंच, की ज्या वस्तूतून आता गोळी सुटायची शक्यता नाही, जी घराण्याचा कागद झाली आहे, तिला आणि नव्या कोऱ्या पिस्तुलाला एकाच रांगेत उभं केलं. सवलतीचा कागद दिल्लीत निघतो, पण तो तालुक्याच्या टेबलावर पोचत नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा पुरातत्त्व विभागाचा जाणकार आणि शस्त्रांचा तज्ज्ञ बसवून जुन्या वस्तू तपासता येतील. ज्या निकामी करून ठेवायच्या त्यांची नळी कायमची बंद करून तसा दाखला देता येईल. ज्या घरात ठेवायच्या नाहीत त्या घराण्याच्या नावासकट जिल्ह्याच्या संग्रहालयाला घेता येतील. पुण्याचं केळकर संग्रहालय बघितलं आहे ना? एका माणसाच्या नादातून ते उभं राहिलं आणि पुढे त्यांनी ते सरकारला देऊन टाकलं. आमच्या काकांची रायफल तशी एखाद्या काचेमागे गेली असती, तर मावशीनं ती हसत दिली असती. मुद्देमालाच्या खोलीत गंजणारं लोखंड मात्र कुणाच्याच उपयोगाचं नाही, ना समाजाच्या, ना घराच्या.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हातातलं आपण करू या. सासरी किंवा माहेरी बंदूक असेल, तर परवाना कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो, हे आजच विचारा. पाच वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक परवान्यावर पडलेला आहे का, ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वारसाची सोय माणूस जिवंत असतानाच करता येते. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याच्या पसंतीच्या वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. दुर्दैवानं माणूस अचानक गेलाच, तर बंदूक माळ्यावर टाकून विसरू नका. विनापरवाना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते, आणि तेव्हा घरात असतो आपणच. लगेच जमा करा आणि पावती जपून ठेवा. ठरलेल्या मुदतीत ती सोडवली किंवा विकली नाही, तर सरकारजमा होते, हेही ध्यानात असू द्या.

आणि जमा करायच्या आधी एक काम करा. घरातल्या जाणत्या माणसाला समोर बसवून त्या वस्तूची गोष्ट वहीत उतरवून घ्या. कुणी आणली, कुठून आणली, कुणाच्या हातात होती. फोटो काढून त्या पानाला चिकटवा. वस्तू ठेवायची की नाही हे कायदा ठरवेल. पण वहीला परवाना लागत नाही.