लहरी मोकळ्या झाल्या, कास्तकार कधी?



आमच्यापैकी पिकल्या केसांच्या माणसांना रेडिओचा परवाना आठवत असेल. रेडिओ आपल्या पैशाचा, सेल आपल्या पैशाचे. पण ऐकायचे तर दरसाल पोस्टात जाऊन फी भरायची. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. देश बुडाला नाही. उलट बैलबंडीवर, वावरात, गोठ्यात रेडिओ वाजू लागले.

ही आठवण काढण्याचे कारण एक बोटाच्या पेराएवढी वस्तू आहे. पोराचे शिक्षण संपल्यावर घरी आलेला किंवा शहरातून जुना विकत आणलेला टेबलावरचा संगणक आता आपल्याही गावांत दिसतो. त्यात बहुधा वायफाय नसते, म्हणून तो धूळ खात पडतो. काहीशे रुपयांचे वायफाय डोंगल त्याच्या यूएसबीच्या खाचेत खोचले, की तोच संगणक घरातल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेटला लागतो. तार ओढायला नको, खांब नको, कोणाकडे अर्ज नको.

घेताना दोन गोष्टी पाहा. दुकानदाराला सांगा, आमच्या संगणकावर चालेल असे द्या आणि लागणारे सॉफ्टवेअर सोबत द्या. नाहीतर ते उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ते सॉफ्टवेअर पाहिजे, असा घोळ होतो. दुसरे म्हणजे लहरींची जात ओळखा. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, दूर पोचते. 5 गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंतीशी दमते. आपल्या मातीच्या जाड भिंतींना पहिलीच बरी. टिनाचा पत्रा आणि लोखंडी कपाट लहर अडवतात. डोंगल संगणकाच्या मागे कोपऱ्यात दाबून टाकण्यापेक्षा हातभर यूएसबी वायर जोडून खिडकीत ठेवा. आणि फोन संगणकाजवळच ठेवायचा असेल तर डोंगलचेही पैसे वाचवा: डेटा चालणाऱ्या चार्जिंगच्या वायरने फोन संगणकाला जोडून फोनमध्ये यूएसबी टिथरिंग सुरू केले तरी काम भागते.

याचा उपयोग काय? डिजिटल सहीचा सातबारा घरी पंधरा रुपयांत निघतो. त्यासाठी तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी गेली. 2025 च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. ॲप फोनवरचे, पण कागद शोधणे, वाचणे, जपून ठेवणे मोठ्या पडद्यावर सोपे जाते. ज्याच्या घरी हे जमत नाही तो दुसऱ्याच्या दारात ताटकळतो.

आता खरा प्रश्न. ही वस्तू इतकी स्वस्त कशी झाली? सरकारने वाटली म्हणून नव्हे. सरकार बाजूला झाले म्हणून.

1885 चा टेलिग्राफ कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा इंग्रजांनी केले. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगणे हासुद्धा गुन्हा होता. इंग्रज गेले, कायदे राहिले. अमेरिकेने 1985 साली 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा अशा यंत्रांसाठी परवान्याविना खुला केला. तो पट्टा म्हणजे लहरींतली बरड जमीन. मायक्रोवेव्ह भट्टीच्या गोंगाटाची, कोणी न मागितलेली. त्या बरडावर जगभरच्या कारागिरांनी वायफायचे पीक काढले. आपल्याकडे तो पट्टा सर्वांना मोकळा झाला जानेवारी 2005 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा 2018 मध्ये.

हे दुखणे आम्हा कापूसवाल्यांच्या ओळखीचे आहे. 1972 मध्ये एकाधिकार खरेदी आली आणि आपला कापूस आपल्याच राज्यात कोंडला गेला. अमेरिकेच्या शेतकऱ्याला बीटी बियाणे 1996 मध्ये मिळाले, आपल्याला 2002 मध्ये. दरवेळी कारण एकच सांगतात: तुमच्या भल्यासाठी थांबवले.

आणि अजूनही सारे मोकळे नाही. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल तार नेण्याची योजना 2011 साली मंजूर झाली. तार पंचायतीच्या कपाटाशी थांबली तर घरातल्या डोंगलने ऐकायचे काय? डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे किराणा दुकानदार किंवा चहावालाही वायफाय विकू शकतो. त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. सरकारने सोडलेला हा धागा आपण पकडला पाहिजे.

पण एक भ्रम ठेवू नका. भाव पडद्यावर दिसला म्हणजे हातात पडला असे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, आपली पऱ्हाटी वावरात उभी असताना, केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. हिंगणघाटच्या बाजारात बंडी घेऊन उभा असलेल्या कास्तकाराला ही बातमी घरी क्षणात कळली असेल. पण कळून तो काय करणार? आयात मोकळी करायची तर आमचे बियाणे, आमची निर्यात, आमचा साठा हेही मोकळे करा. बाहेरच्यांना रान मोकळे आणि आम्हाला दावे, हा न्याय नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे तीन ठराव आहेत. एक, पंचायतीपर्यंत आलेली तार पीएम-वाणीने गावातल्या दुकानातून खुली करावी. दोन, सरकारी खरेदीची नोंदणी ॲपपुरती न ठेवता संगणकावरून आणि कागदावरही घ्यावी. तीन, बियाणे आणि बाजारावरची बंधने लहरींसारखीच उठवावीत.

फुकटचा संगणक आम्ही मागत नाही. डोंगल आम्ही घामाच्या पैशाने घेऊ. फक्त वाट अडवू नका. बरड लहरींवर एवढे पीक येते, तर मोकळ्या कास्तकाराच्या काळ्या मातीत काय येईल, ते एकदा पाहा तरी!