यादीबाहेरचा शब्द

पेमेंटची स्थिती तीनच प्रकारची असते, असं आम्ही धरून चाललो होतो: पेंडिंग, पेड, फेल्ड. एके दिवशी समोरच्या सेवेकडून चौथा शब्द आला. आमच्या जावा कोडमधल्या 'व्हॅल्यूऑफ'ने एक्सेप्शन फेकलं आणि एका नोंदीतल्या एका शब्दापायी ग्राहकाची सगळी यादीच कोरी दिसू लागली.

टाइपस्क्रिप्ट असतं तर गाजावाजा झाला नसता, आणि ते मला अधिक धोक्याचं वाटतं. 'जेसन.पार्स' जे हातात देतं त्याचा टाइप 'एनी'. आपण त्याला तीन शब्दांच्या युनियनचं नाव देतो, कंपायलर विश्वास ठेवतो, आणि कोड चालू लागतो तेव्हा ते टाइप पुसले गेलेले असतात. चौथा शब्द स्विचमधून निमूटपणे निघून जातो.

एनम म्हणजे आपल्याला आज ठाऊक असलेल्या शब्दांची यादी. तो शब्दसंग्रह दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर यादी उघडी ठेवायलाच हवी. युनियनच्या शेवटी नुसतं 'स्ट्रिंग' लिहिलं तर सगळंच स्ट्रिंगमध्ये विरघळतं आणि एडिटर शब्द सुचवणं थांबवतो. म्हणून अनेक जण स्ट्रिंगचा रिकाम्या ऑब्जेक्ट-टाइपशी छेद घेतात. त्याने माहितीचे शब्द सुचवले जातात आणि अनोळखी शब्दही चालतो. अझूरच्या जावा एसडीकेमधला 'एक्स्पांडेबलस्ट्रिंगएनम' याच विचारातून आलेला: ओळखीची नावं कॉन्स्टंट, बाकी कुठलीही स्ट्रिंग ग्राह्य. प्रोटो३ तर न ओळखलेली एनम-किंमत टाकून न देता जपतो आणि पुढे पाठवताना तशीच लिहितो.

मात्र हा सैलपणा घरभर पसरू देऊ नका. उघड्या टाइपवर 'नेव्हर'ची तपासणी चालत नाही, एखादी शाखा राहून गेली तर कंपायलर सांगू शकत नाही. उंबरठ्यावरच शब्द तपासा, आत बंद युनियन वापरा आणि त्यात 'अनोळखी' ही स्वतंत्र शाखा ठेवा, मूळ स्ट्रिंगसकट. त्यासाठी 'एनम' हा कीवर्डही लागत नाही. स्ट्रिंग एनम २०१७ साली टाइपस्क्रिप्ट २.४ मध्ये आले खरे, पण नोड फक्त टाइप खोडून फाइल चालवतो तेव्हा एनम त्याला पचत नाही. 'ॲज कॉन्स्ट' लावलेला साधा ऑब्जेक्ट पुरतो.

एका सवयीबद्दल मात्र कळकळीने लिहावंसं वाटतं. 'डिफॉल्ट'मध्ये 'फेल्ड' लिहून मोकळं होणारा कोड मी अनेकदा पाहिला आहे. तो चौथा शब्द 'पैसे मिळाले, पडताळणी सुरू आहे' अशा अर्थाचा निघाला तर? स्क्रीनवर 'अयशस्वी' वाचून माणूस पुन्हा पैसे भरतो. तिथे 'तपासणी सुरू आहे' एवढंच दाखवा आणि आलेला शब्द जसाच्या तसा लॉगमध्ये उतरवा. दुसऱ्या दिवशी शोधायला बसणाऱ्याला तोच लागणार आहे.