शस्त्रक्रियेपूर्वींचें लंघन

घरांत कोणावर शस्त्रक्रिया व्हावयाची ठरली, कीं आप्तेष्टांस दोन चिंता लागतात. ‘भुलींतून जाग येईल ना?’ ही एक. आणि ‘उपाशी पोटीं एवढें कसें सोसवेल?’ ही दुसरी. पहिली चिंता डॉक्टरांनीं वाहावी. दुसरी मात्र आपणच आवरली पाहिजे. कारण तिच्यापायींच पहिली खरी होण्याचा संभव असतो.

सातारा-सांगलीकडील जुन्या पिढीस शस्त्रक्रिया म्हटली कीं मिरज आठवे. डॉ. वानलेस यांनीं तेथें १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. ईथर १८४६ सालीं व क्लोरोफॉर्म १८४७ सालीं प्रचारांत आलें. म्हणजे भुलीची ही विद्या तेव्हां अर्धशतकाचीही नव्हती. त्यापूर्वीं शस्त्र बहुधा जागेपणींच सोसावें लागे. म्हणूनच रोग्यास आधीं जेवूं घालावें व वेदना न साहणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावें, असें सुश्रुतानें सांगितलें. अन्नानें मूर्च्छा येत नाहीं व मद्यानें शस्त्र जाणवत नाहीं, हें त्याचें कारण. तथापि अश्मरी, भगंदर, मुखरोग इत्यादिकांत रोगी न जेवलेलाच असावा, हा अपवादही त्यानेंच केला आहे.

आज अपवादाचाच नियम झाला आहे, आणि तो सकारण आहे. भूल ही निद्रा नव्हे. निद्रेंत ठसका लागला तर मनुष्य जागा होतो. पूर्ण भुलींत गिळणें, खोकणें या रक्षक क्रियाच लोपतात. अशा वेळीं पोटांतील अन्न व आम्ल वर येऊन श्वासनलिकेंत उतरलें, तर फुप्फुसांस भयंकर इजा होते. प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून सामान्यतः हलकें अन्न सहा तास, तळलेलें व जड अन्न आठ तास, आणि साधें पाणी दोन तास आधीं बंद करतात. तान्ह्या मुलास आईचें दूध चार तास आधींपर्यंत चालतें. मधुमेहाच्या व इतर नित्य औषधांविषयीं डॉक्टर सांगतील तेंच प्रमाण मानावें.

गृहिणींनीं येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. एकादशीस दूध, केळें, साबुदाणा चालतो. या लंघनास नाहीं. दुधाची व दुधाच्या चहाची गणना पाण्यांत नव्हे, अन्नांत होते.

हलणारे दात, कवळी, तंबाखू, पूर्वींची भूल, यांविषयींही भूलतज्ज्ञ विचारतील. जाग आल्यावर मळमळ, कांपरें, घशाची खवखव होते. वृद्धांस कांहीं काळ भ्रमही होतो. त्यानें घाबरून जाऊं नये, पण परिचारिकेस सांगावें.

आणि मायेपोटीं कोणी घोटभर दूध पाजलेंच असेल, तर तें लपवूं नये. सांगितल्यास शस्त्रक्रिया कदाचित् पुढें ढकलली जाईल, एवढेंच. न सांगितल्यास मात्र जिवावर बेतूं शकतें.