एकट्याची गाडी, तिघांची बाइक

शब-ए-बरात जवळ आली की माझ्या नववीच्या वर्गात कुजबुज सुरू होते. कुणाच्या मामूची बाइक मिळणार, मागे कोण कोण बसणार, नालासोपाऱ्याहून वसई किती मिनिटांत गाठायची! यंदा एकाने विचारलेच, "सर, रेसवाले पळवतात ते चालतं. मग आम्हालाच का ओरडता?"

मी त्याला मुंबईच्या जेहान दारूवालाची गाडी फळ्यावर काढून दाखवली. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमधील साखिर येथे जेहानने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय.

गाडी इटलीच्या दल्लारा कंपनीची. इंजिन ३.४ लिटरचे, टर्बोचे, ताकद सुमारे ६२० अश्वशक्ती. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचे चाक फिरवतो आणि ते चाक जास्तीची हवा दाबून इंजिनात भरते. पण पाय दाबल्यावर ही ताकद क्षणभर उशिरा येते, आणि आली की जोरात येते. तो क्षण ओळखायला वर्षे लागतात. शाळकरी जेहान फोर्स इंडियाच्या निवडीत आला तो २०११ मध्ये. साखिरचा विजय त्यानंतर नऊ वर्षांनी.

ही गाडी २०१८ ते २०२३ धावली. चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाची मजबूत धातूची कमान होती. पहिल्याच वर्षी बार्सिलोनात दुसरी गाडी तादासुके माकिनोच्या गाडीवर चढली. टायरचे वळ कमानीवर उमटले, माकिनो बचावला.

"आता सांग," मी म्हटले, "त्याच्याकडे हेल्मेट, पट्टे, कमान. समोरून कुणी येत नाही, आणि गाडीत जागा एकाचीच. तुमची ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, लायसन्सचे वय नाही, रस्त्यावर रिक्षा आणि घरी परतणारी माणसे. रेसवाला कोण आणि बेपर्वा कोण?"

मुलगा गप्प झाला.

पालकहो, दरवर्षी मशिदीतून आवाहन होते, पोलीसही सांगतात. पण बाइकची किल्ली आपल्याच घरात असते. कब्रस्तानात आपण गुजरलेल्यांसाठी दुआ मागायला जातो. तिथे पोहोचण्याची एवढी घाई कशाला? जीव ही अल्लाहची अमानत आहे. त्या रात्री किल्ली आपल्याजवळ ठेवा आणि मुलाचा हात धरून त्याच्याबरोबर चालत जा.