दाभोळचा एकुलता ग्राहक

प्रकल्प उभारताना ग्राहकाशी जवळीक म्हणजे करारावर त्याची स्वाक्षरी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने तो खोटा ठरवला. तेथे ग्राहक एकच, राज्य वीज मंडळ. १९९३च्या करारानुसार मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरणे बंधनकारक होते. दर डॉलरशी व इंधनाच्या भावाशी जखडलेला. रुपया घसरला, नाफ्ता महागला की बोजा थेट मंडळावर. एवढी महाग वीज मंडळाला पेलवेल काय, हा प्रश्न दुय्यम ठरला. वास्तविक जागतिक बँकेने १९९३मध्येच प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. युती सरकारने १९९५मध्ये करार रद्द केला खरा, पण फेरवाटाघाटींनंतर क्षमता चक्क वाढली! १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. तंत्रज्ञांनी आपले काम केले होते. तरीही २००१मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि दुसरा टप्पा पूर्णत्वाला येत असतानाच प्रकल्प बंद पडला. २००५मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. पुढे वायूअभावी थंडावलेले संच २०१५मध्ये फिरू लागले, तेव्हा वीज घेणारी होती रेल्वे.