जोर आणि दिशा

शहराजवळच्या गोल्फच्या मैदानावर पिशव्या वाहण्याचे काम करणाऱ्या एका तरुण वाचकाने आम्हांस विचारले आहे की, आपला चेंडू सर्वांपेक्षा लांब जातो, परंतु दर खेपेस उजवीकडे वळून झुडपांत का शिरतो? कॅडींच्या स्पर्धेत त्यास उतरावयाचे आहे. पित्याचे म्हणणे असे की, हा श्रीमंतांचा खेळ. आपण पिशवी वाहावी, मजुरी घ्यावी आणि घरी यावे. पित्याची काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीस कॅडीच होता, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारा चौरसिया हा कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. मुलाने रोजचे काम सोडू नये, आणि पित्याने त्याचा सरावाचा तास हिरावून घेऊ नये, असे आमचे मत आहे.

आता चेंडूकडे वळू. काठी व चेंडू यांची गाठ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे निम्म्याइतकाच वेळ पडते. तेवढ्यात मनगट फिरवून चूक सावरणे मनुष्यास शक्य नाही. जे व्हावयाचे ते आधीच झालेले असते. काठी ज्या वाटेने येते त्या वाटेने चेंडू निघतो, असे जुने शिक्षक सांगत. अलीकडे रडारयंत्रांनी दाखविले आहे की, चेंडू निघतो तो बहुतांशी काठीचे तोंड ज्या दिशेस असेल त्या दिशेस. आणि तोंड व वाट यांत जो फरक असेल त्यामुळे तो हवेत वळतो. उजव्या हाताने खेळणाराची काठी बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढली गेली आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उघडे राहिले, की चेंडू उजवीकडे वळणारच. मग मुले काय करतात? आणखी डावीकडे नेम धरतात. त्याने वाट अधिकच तिरकी होते आणि रोग वाढतो!

प्रथम पकड पाहावी. काठी डाव्या हाताच्या तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरावी. खाली पाहिले असता त्या हाताच्या मुठीवरील दोन पेरे दिसावीत. चेंडू उजवीकडे जात असेल तर हात किंचित उजवीकडे वळवून तिसरे दिसू द्यावे. बेन होगन या अमेरिकन खेळाडूच्या १९५७ सालच्या प्रसिद्ध पुस्तकातील पहिला धडा पकडीचाच आहे. तोही बालपणी कॅडी होता. परंतु एक सावधगिरी हवी: होगनची तक्रार नेमकी उलट, चेंडू डावीकडे वळण्याची होती. त्याची पकड आपल्या वाचकाने जशीच्या तशी उचलली, तर औषधच बाधेल.

लांबीचे म्हणाल, तर ज्याने शेतात गोफण फिरविली आहे त्यास निराळे शिकवावयास नको. दगड लांब जातो तो दंडाच्या बळाने नव्हे, योग्य क्षणी सुटल्याने. १९६८ साली कॉक्रन व स्टॉब्स यांनी आपल्या ग्रंथात हीच गोष्ट दोन सांधलेल्या दांड्यांच्या आकृतीने मांडली. काठी खाली आणताना आरंभ पायांकडून व्हावा: भार डाव्या पायावर, मग कंबर, मग खांदे, हात, आणि सर्वांच्या शेवटी काठीचे टोक. खांद्याने घाई केली की वाट तिरकी झालीच. काठी उलटी धरून हवेत फिरवावी. सूं असा आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे यावा. तो उजव्या कानाशीच आला, तर बळ वाटेतच खर्ची पडले असे समजावे.

दिशेचा हिशेबही ध्यानी असावा. २०० यार्डांवर एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे साडेतीन यार्ड. पाच अंशांचा म्हणजे सतरा यार्डांहून अधिक, आणि हवेतील वळण त्यात धरलेले नाही. म्हणून जमिनीवर बांबूच्या दोन काठ्या ठेवाव्यात, एक लक्ष्याकडे रोखून व दुसरी तिला समांतर पावलांपाशी. काठीच्या तोंडास खडूची पूड चोळून लहान काठीने अर्धेच फटके मारावेत. चेंडू कोठे लागला ते खूण सांगेल. दहांपैकी सात खुणा मध्यावर उमटेपर्यंत मोठ्या काठीस हात लावू नये.