भोचक आणि जिज्ञासू

शेजारी आज पाहुणे कोण आले, याची चौकशी करणारा तो भोचक. आणि ग्रहण का लागते, याची चौकशी करणारा तो जिज्ञासू! खरे पाहता दोघे सख्खे भाऊ. फरक इतकाच, की थोरल्याचे उत्तर मिळताच समाधान होते आणि धाकट्याला त्या उत्तरातूनच नवा प्रश्न फुटतो.

या धाकट्याची महती आम्हा मराठवाड्यातील माणसांना किल्लारीने पटवली. १९९२ च्या ऑक्टोबरातच लातूर जिल्ह्यातील त्या गावाला हादरे जाणवू लागले होते. ‘जमीन का हालते?’ हा प्रश्न प्रथम पडला तो गावकऱ्यांना. पण दख्खनचा कातळ अचल, असा साऱ्यांचा भरवसा! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या भरवशाला तडा गेला. सुमारे १०,००० माणसे गेली.

मग जिज्ञासा कामाला लागली. किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली कितीतरी जुना खडक. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटा देतो. त्याचा ताण अशा जुन्या खडकांतही साचतो, हे ध्यानी आले. दुसरी चौकशी झाली घरांची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, यांनीच निजलेल्या माणसांचा घात केला होता.

शास्त्रज्ञ विचारतो, भिंत का पडली? लेखक विचारतो, मागे उरलेली म्हातारी त्या वर्षी पणती कुठे लावीत असेल? प्रश्न दोन, पण तळमळ एकच. ठरीव उत्तरावर जो संतुष्ट झाला, त्याच्या हातून शोधही लागत नाही आणि कथाही होत नाही.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी नांदेड परिसराला धक्का जाणवला, तेव्हा आमच्या विष्णुपुरीतली मुले विचारू लागली, “पुन्हा कधी येईल?” ते सांगण्याची विद्या अजून कोणालाच साधलेली नाही. मात्र कोणते घर तग धरील, हे आज सांगता येते. तेही कुणीतरी चिकाटीने ‘का?’ विचारले म्हणूनच!

तेव्हा वाचकहो, फराळाला बसलेल्या पोराने ‘भुईचक्र का फिरते?’ असे विचारले, तर ‘गप्प खा’ म्हणू नका. ठाऊक नसेल तर ‘चल, शोधू या’ म्हणा. फराळ जरा लांबेल, एवढेच!